राजा हलला होता

इदालमिसला बुद्धिबळ कधी नीट खेळता आलं नाही, आणि एवेलियो केसादाच्या मुलीला हे शोभण्यासारखं नव्हतं. साग्वा ला ग्रांदे या गावात एवेलियोला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. तरुणपणी तो प्रांताचा विजेता होता, हवानाच्या स्पर्धा खेळून आला होता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी सकाळी बागेजवळच्या बुद्धिबळ क्लबात तो मुलांना शिकवायचा. क्लबाची किल्लीही त्याच्याच खिशात असायची. इदालमिस लहान असताना त्यानं तिलाही पटासमोर बसवून पाहिलं होतं. ती घाईघाईनं खेळायची, वजीर घालवायची आणि रडत उठून जायची. "हिच्या बुडाखाली काटे आहेत," असं म्हणून त्यानं शेवटी नाद सोडला.

आता ती चाळिशीला टेकली होती. लग्न होऊन सांता क्लाराला गेली, ते मोडलं, आणि ती परत बापाच्या घरी आली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले जुनेपुराणे कॉम्प्युटर कसेबसे चालते ठेवायचे हे तिचं काम. घरात तिसरी होती नेरेइदा, एवेलियोची थोरली बहीण, तोंडानं फटकळ आणि हाताला चव असलेली. बापलेकीत भांडण असं काही नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. जेवताना तो काळ्या घेवड्याचा भात चिवडत मनातल्या मनात कुठला तरी डाव खेळत असायचा, आणि ती ताटाकडे बघत असायची.

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचं तिच्या डोक्यात आलं ते यातूनच. कचेरीतल्या एकानं पेन ड्राइव्हवर कुठकुठली पानं भरून आणली होती, त्यात असा प्रोग्राम लिहायला सुरुवात कशी करावी हेही होतं. तिनं ते चाळलं आणि तिला वाटलं, हे आपल्याला जमेल. आपल्याला खेळता येत नाही, पण खेळायला शिकवता येईल.

पटाच्या प्रत्येक घराला तिनं एक आकडा दिला, प्रत्येक सोंगटीला एक आकडा दिला, आणि कोण कसं चालतं ते मशीनला समजावायला बसली. पहिल्याच आठवड्यात एक उंट पटाच्या उजव्या कडेनं बाहेर पडला आणि डावीकडून आत शिरला. तिनं सगळी घरं एका लांबलचक रांगेत मांडली होती, आणि कड कुठे येते हे त्या रांगेला सांगायचं राहून गेलं होतं. एवेलियो मागे उभा राहून बघत होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"नेरेइदा, इकडे ये गं! इदाचा उंट व्हिसा न काढताच सरहद्द ओलांडतोय!"

"मग त्याला विचार, मला पाठीवर घेतो का," नेरेइदा स्वयंपाकघरातून ओरडली.

त्या दिवसापासून तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायला लागला. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, अशी किंमत तिनं लावली तेव्हा तो उसळला. "उंट आणि घोडा सारखे? कुणी सांगितलं तुला? पट मोकळा झाल्यावर बघ उंट काय करतो ते!" यावर त्यांची कॉफी थंड होईपर्यंत जुंपली. मग पुढचं बघायची वेळ आली. मशीननं आपली चाल मनातल्या मनात करायची, त्यावर समोरच्याची चाल करायची, परत आपली, आणि मग सगळं होतं तसं मागे ठेवून दुसरी वाट धरायची.

"मीही तेच करतो," एवेलियो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मलाच येतं."

आपला बाप आपल्याशी इतकं बोलतो हेच इदालमिसला नवल होतं. प्रोग्रामला त्यांनी नाव ठेवलं 'उंदोसो', गावातल्या नदीचं जुनं नाव. एवेलियोच्या हातून तो कायम हरायचा, पण हळूहळू जरा बऱ्यापैकी हरायला लागला.

याच काळात एवेलियो थोडा विसराळूही झाला होता. कॉफीचं भांडं चुलीवर ठेवून तो अंगणात निघून जायचा. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. एकदा शेजारणीला त्यानं आपल्या गेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारली. नेरेइदा म्हणायची, "डोकं कुठं ठेवून आलास? जा, घेऊन ये." तोही हसायचा, इदालमिसही हसायची. घरातली ती एक थट्टा होऊन बसली होती.

क्लबाचा वर्धापनदिन आला तेव्हा फुंदोराच्या डोक्यात कल्पना आली. फुंदोरा क्लबाचा चिटणीस, आवाज ढोलासारखा, आणि सगळं जाहीर करायची भारी हौस. "मास्तर विरुद्ध मशीन! बाप विरुद्ध लेक! अख्खं गाव लोटेल!" एवेलियो आधी नाही म्हणाला, मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून हो म्हणाला.

गाव खरोखरच लोटलं. शनिवारची मुलं पुढे जमिनीवर बसली, त्यांच्या मागे आया, भिंतीला टेकून कारखान्यातले जुने सोबती. स्थानिक रेडिओवरचा एक माणूसही आला होता. इदालमिसनं निळा ब्लाउज घातला होता आणि केस बांधून घेतले होते. मधे लाकडी पट, एका बाजूला एवेलियो, दुसऱ्या बाजूला ती आणि तिचा लॅपटॉप. बापाची चाल मशीनला सांगायची आणि मशीनची चाल पटावर करायची, एवढंच तिचं काम. डाव सुरू झाला तरी लोक अजून आत येतच होते, खुर्च्या सरकवत होते, पंखा कुणाकडे वळवायचा यावर वाद घालत होते. रेडिओवाला तिच्या कानाशी वाकून विचारत होता, हे सगळं सुचलं कसं, किती दिवस लागले, मशीनला खरंच समजतं का. ती उत्तरं देत होती, आणि तिचे हात आपोआप सोंगट्या हलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा या खोलीत कुणी तिला काहीतरी विचारत होतं.

डाव मध्यावर आला तोवर खोली शांत झाली होती. एवेलियोनं मधली उभी रांग उघडत आणली होती, त्याचे दोन्ही हत्ती मशीनच्या राजावर रोखले होते, आड एकच घोडा उरला होता. मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच म्हणालं, "संपलं." तेवढ्यात पडद्यावर चाल आली. इदालमिसनं राजा उचलून दोन घरं बाजूला ठेवला, आणि हत्तीला त्याच्यावरून पलीकडे बसवलं. कॅसलिंग. राजा कोपऱ्यात सुखरूप.

एवेलियोनं हात वर केला.

"हे चालणार नाही. राजा हलला होता."

ही चाल राजा एकदाही हललेला नसेल तरच करता येते. समोर बसलेल्या शाळकरी मुलांनाही ते पाठ होतं.

"नाही हलला, बाबा," इदालमिस म्हणाली.

"हलला होता. मी शह दिला तेव्हा एक घर बाजूला गेला, मग परत आला."

खोलीत कुजबुज झाली. फुंदोरानं आजूबाजूला पाहिलं. "कुणी पाहिलं का?" चाली कुणी लिहून घेतल्या नव्हत्या, आणि कुणाला आठवेना. सुरुवातीला जो तो खुर्ची शोधण्यात होता. रेडिओवाल्यानं आपलं यंत्र जरा पुढे केलं. इदालमिसच्या कानशिलांत रक्त चढलं. आता या क्षणी, सगळ्यांसमोर, आपला प्रोग्राम नियम मोडतो असं ठरलं तर? उजव्या कडेनं जाणारा उंट तिच्या डोळ्यांसमोर आला. आणि ती बोलून गेली.

"बाबा, मशीन विसरत नाही. विसरतोस तू."

ती हे हसत म्हणाली होती. घरी म्हणायचे तसंच. पण घरी तिघंच असत. इथं पुढे बसलेली मुलं खिदळली, मागून कुणीतरी "आई गं!" केलं, आणि फुंदोरा म्हणाला, "मास्तर, वय झालं आता, मान्य करा!" त्यावर सगळी खोली हसली.

एवेलियो हसला नाही. त्यानं पटाकडे पाहिलं, मग मुलीकडे. मग हात खाली घेतला. "असेल," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर असेल."

त्यानंतर तो पूर्वीसारखा खेळला नाही. प्रत्येक चालीआधी सोंगटीपाशी हात न्यायचा आणि मागे घ्यायचा. शेवटी त्यानं आपला राजा आडवा केला, टाळ्या पडल्या, आणि फुंदोरानं इदालमिसचा हात पकडून उंच केला.

पुढच्या शनिवारी एवेलियो क्लबात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एका दुपारी चालत फुंदोराकडे गेला आणि किल्ली देऊन आला. "तरण्या माणसानं शिकवावं," एवढंच घरी म्हणाला. नेरेइदा त्याच्यावर ओरडली, पण तो वाद घालायला उभाच राहिला नाही. आणि मग ते विचारणं सुरू झालं. नेरेइदा, मी चूल बंद केली ना? इदा, मी तुला हे सांगितलंय का आधी? मी गोळी घेतली का? घराबाहेर पडायचा, फाटकापर्यंत जायचा आणि कडी लावली का ते बघायला परत यायचा. ज्या गोष्टी त्याला पक्क्या आठवत होत्या त्याही तो विचारून घ्यायला लागला. आता घरात कुणी थट्टा करत नव्हतं.

इदालमिसला वाटलं, बरं झालं वेळेवर कळलं. वय होतंच. ती त्याच्यासाठी हळहळली, आणि रेडिओवर आपला आवाज ऐकून मनातून सुखावलीही. रस्त्यात लोक थांबवून उंदोसोची चौकशी करत होते.

एका सकाळी कचेरीत काम नव्हतं, म्हणून तिनं उंदोसोला स्वतःशीच खेळायला लावलं आणि कॉफी पीत बघत बसली. काळ्या राजाला शह बसला. तो एक घर बाजूला सरकला. पुढे कधीतरी परत जागेवर आला. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत त्यानं कॅसलिंग केलं.

तिनं कप खाली ठेवला. प्रोग्राम उघडला आणि चूक शोधायला लागली. ती सापडायला वेळ लागला नाही, इतकी ती उघडी पडलेली होती. मशीन मनातल्या मनात राजाची चाल करून बघायचं आणि मागे घ्यायचं. मागे घेताना 'राजा अजून हललेला नाही' असं दर वेळी नव्यानं नोंदवायचं. राजा पटावर खराच हललेला असला, तरीही. म्हणजे विचार करता करता मशीन पटावर खरं काय घडलं तेच पुसून टाकत होतं.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली. तो राजा पटावर हलवला कुणी होता? तिनंच. तिच्याच बोटांनी तो एक घर बाजूला ठेवला होता आणि तिच्याच बोटांनी परत आणला होता, रेडिओवाल्याला उत्तरं देता देता. विसरला होता तो नव्हे, ती.

तिनं चूक दुरुस्त केली. मूठभर ओळींचं काम. जाता जाता प्रत्येक चाल नोंदवून ठेवायलाही मशीनला शिकवलं. घरी जाऊन सांगायचं ठरवलं, आणि सांगितलं नाही. आज त्याला बरं वाटत नाहीये. आज नेरेइदा समोर आहे. आता सांगून काय होणार, जखम उघडीच पडेल. दर संध्याकाळी तिला नवं कारण मिळायचं, आणि ते नुसतं निमित्त आहे हे तिला पक्कं ठाऊक असायचं. एवेलियोनं "इदा, मी दिवा बंद केला का गं?" असं विचारलं की ती मान खाली घालून "हो बाबा" म्हणायची. लॅपटॉप तिनं उघडायचाच सोडून दिला.

या लपवाछपवीचा शेवट झाला तो पावाच्या रांगेत. दोघं सकाळी उभे होते. कारखान्यातला एक जुना सोबती पुढे होता, त्यानं मागे वळून विचारलं, "मास्तर, शनिवारी दिसत नाहीस? माझी नात रोज विचारते."

"आता नाही जमत," एवेलियो म्हणाला. त्यानं इदालमिसच्या खांद्यावर हात ठेवला. "या पोरीच्या मशीननं वेळेत दाखवून दिलं बघ. नाही तर मी पोरांना चुकीचंच शिकवत बसलो असतो. उपकारच झाले म्हणायचे."

तो टोमणा नव्हता. तो मनापासून बोलत होता. खांद्यावरचा तो हात इदालमिसला सोसेना. ती रांग सोडून घरी निघाली, आणि एवेलियो मागून हाका मारत राहिला, "अगं पाव! इदा, पाव राहिला!"

तो परत आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिनं सांगून टाकलं. राजा हलला होता, बाबा. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. मला कधीचं कळलंय. मी बोलले नाही.

नेरेइदा दारात उभी होती. तिनं हातातलं फडकं खाली केलं. "देवा रे," एवढंच ती म्हणाली.

एवेलियोनं पावाची पिशवी टेबलावर ठेवली. आत जाऊन पट घेऊन आला, सोंगट्या मांडल्या, आणि क्लबातला तो डाव पुन्हा खेळायला लागला, दोन्ही बाजूंनी. पांढरं, काळं, पांढरं, काळं. उंटाचा शह. काळा राजा एक घर बाजूला. पुढच्या चाली. राजा परत जागेवर. तो कुठेही अडखळला नाही. कॅसलिंगपाशी येऊन थांबला. अख्खा डाव त्याच्या डोक्यात होता, पहिल्यापासून.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पक्कं आठवत होतं. तू बोललीस म्हणून सोडलं."

"बाबा, चूक मशीनची..."

"मशीनचं मला समजतं. तू नवशिकी आहेस, चुका होणारच. तुझा उंट भिंतीतून गेला तेव्हा मी हसलोच की." त्याचा आवाज चढला नव्हता. "पण 'विसरतोस तू' हे मशीन नाही बोललं, इदा."

तिला रडायलाही लाज वाटली, कारण ती रडली असती तर तो तिची समजूत घालायला उठला असता.

शनिवारी ती एकटीच क्लबात गेली. मुलं बसली होती, फुंदोरा फळ्यावर काहीतरी शिकवत होता. तिनं उभं राहून सगळं सांगितलं, ते वाक्यही आपल्या तोंडानं परत म्हटलं, आणि ते खोटं होतं असं म्हणाली. तिला वाटलं होतं लोक चिडतील. कुणीच चिडलं नाही. फुंदोरा हसून म्हणाला, "अगं, एवढंच ना? आम्ही तर कधीच विसरलो! मैत्रीचा डाव होता तो." एका बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलांचं लक्ष तर आधीच पटाकडे वळलं होतं. सगळे विसरले होते, आणि यांच्याच हसण्यानं घरी एक माणूस चूल बंद केली का ते दहादा बघत होता. ती बाहेर पडून नदीपर्यंत चालत गेली आणि पुलावर उभी राहिली. कुणी ओळखीचं भेटू नये असं तिला वाटत होतं, पण साग्वात ते शक्य नव्हतं. दोघांनी थांबवून उंदोसोची चौकशी केलीच.

एवेलियो पुढे शनिवारी जायला लागला. किल्ली मात्र फुंदोराकडेच राहिली, ती त्यानं मागितली नाही. चुलीचं विचारणं कमी झालं, पुरतं थांबलं नाही. मुलीशी तो नीट बोलायचा, जरा जास्तच नीट. तिनं कॉफी पुढे ठेवली की "आभारी आहे" म्हणायचा. हा शब्द त्या घरात आधी कुणी वापरत नव्हतं. नेरेइदा एकदा म्हणाली, "दोन पाहुण्यांचा संसार सांभाळतेय मी." दोघंही हसले नाहीत.

उन्हाळा संपता संपता एका दुपारी वीज गेली होती आणि लॅपटॉपच्या बॅटरीत थोडीशी शिल्लक होती. एवेलियो तिच्या खोलीच्या दारात आला. "तुझ्या त्या मशीनला, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर करता येतो का?"

"येतो. पण नीट तपासलेलं नाही."

"मग तपास की. चल, मी खेळतो."

त्यानं पट मांडला. ती चाली सांगत गेली, या वेळी प्रत्येक चाल मोठ्यानं म्हणत आणि दोनदा बघत. डाव लांबला. मधेच एवेलियो थांबला. "हा घोडा इथे कसा आला? तो मी खाल्ला होता."

इदालमिसनं पडद्याकडे पाहिलं. मग पटाकडे. मग प्रोग्राममध्ये नोंदवलेल्या सगळ्या चाली पहिल्यापासून वाचल्या, एकेका ओळीवर बोट ठेवून. घोडा खाल्लेला नव्हता. त्यानं खाल्ला होता तो दुसरा. या वेळी चूक त्याची होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे कान तापले, जसे त्या दिवशी तापले होते.

एवेलियो वाट पाहत होता. "बोल ना. मी चुकलो का?"

"तो दुसरा घोडा होता, बाबा," ती पटाकडे बघत म्हणाली.

त्यानं बाजूला पडलेल्या सोंगट्या चाळल्या आणि मान हलवली. "हो गं. दुसराच." थोड्या वेळानं म्हणाला, "असं सांगायचं. एवढंच सांगायचं असतं."

मग त्यानं आपली चाल केली, आणि ती मशीनला सांगण्याआधी इदालमिसनं मोठ्यानं म्हटली आणि पुन्हा एकदा पटाकडे पाहिलं.